दारातला माठ

विहाराच्या दाराशी माठ नव्हता.

धम्मदीना टेम्पोतून उतरली, वळली आणि तिची पहिली नजर गेली ती तिथेच. लोखंडी तिवई जागेवर होती, तिच्याखालची वर्षानुवर्षांच्या ओलीने हिरवट झालेली फरशी जागेवर होती. वर माठ नव्हता, पेला नव्हता. दार मात्र सताड उघडं. तिने आत डोकावून पाहिलं. भिंतीला लागून खाट, खाटेवर गोधडी, कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर रमावहिनीची ओली साडी. बुद्धाची मूर्ती असायची त्या कोनाड्यात दाढीचं सामान मांडलेलं होतं.

मानपुराहून बसमध्ये बसताना तिने सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. आज घरात बोलणं होईल, वाद होईल, आपण हे म्हणू, ते म्हणू. शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईला असं जुळवून ठेवायची सवय असतेच. इथे तर ठरवण्याआधीच काम उरकलं होतं.

मिलला कुलूप लागून तिसरं वर्ष चाललं होतं. एवढ्यात सरकारने मनावर घेतलं की चाळीतल्या खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर करायच्या. उद्या सोमवारी साहेब येणार, कोणत्या खोलीचा काय वापर आहे ते डोळ्यांनी पाहणार आणि चाळीतल्या एखाद्या जुन्या माणसाची साक्ष घेणार. राहती खोली असेल तर ती कुटुंबाची. सार्वजनिक असेल तर चाळीच्या कमिटीची. या घराकडे दोन खोल्या होत्या. एक धम्मदीनाच्या बापाची, किसनची, तिच्यात कुटुंब राहत होतं. दुसरी, कोपऱ्यावरची, किसनच्या बापाची. तो महूच्या पलटणीतून निवृत्त होऊन मिलच्या गेटावर चौकीदार झाला तेव्हा मिळालेली. छप्पन साली किसन नागपूरहून दीक्षा घेऊन परतला आणि बापाची ती खोली त्याने विहाराला दिली. तोंडाने दिली. त्या काळी तोंडाने दिलेलं कुणी परत मागत नसे.

आता किसन राहिला नव्हता, आणि त्याच्या थोरल्या मुलाला, पंचशीलला, त्या खोलीत एसटीडी-पीसीओ काढायचा होता.

घरासमोरच्या ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत, भीमाबाईची खाट होती. म्हातारी खाटेवर बसून मेथी निवडत होती. शेजारी खुर्चीवर नरेंद्र, धाकटा. तो टेलिफोन खात्यात होता, शहराबाहेर राऊला त्याने काही वर्षांपूर्वीच घर बांधलं होतं. पायाशी त्याची प्लॅस्टिकची पाण्याची बाटली. पंचशील उंबऱ्यात बसला होता, आणि त्याच्या मागे, आत चुलीशी, रमा भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत होती.

"जय भीम, आई."

"जय भीम. ऊन लागलं असेल. पाणी पी आधी."

माठ आत मोरीजवळ ठेवलेला होता. धम्मदीनाने पेलाभर पाणी घेतलं, पिऊन झालं, बाहेर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, मूर्ती कुठंय?"

"ट्रंकेत," पंचशील म्हणाला. "दीना, चिडू नको. टेम्पररी आहे सगळं. साहेब आला, बघून गेला, की परत जसंच्या तसं."

"आणि बूथ?"

"मग बूथ."

"मग जसंच्या तसं कसं?"

वादात पंचशील नेहमी असाच दुसऱ्या फटक्याला बाद होई. नरेंद्रने सूत्रं हाती घेतली.

"आक्का, प्रॅक्टिकली विचार कर ना. कॉर्नरची जागा आहे, समोर रोड. लायसन्सचं मी बघून घेतो, खात्यातलंच काम आहे. आजकाल एसटीडी बूथ म्हणजे बसल्या जागी धंदा. एक काचेची केबिन, एक मशीन, बस. और क्या चाहिए?"

"आणि विहार?"

"विहाराला इंदौरात कमी आहे का? मोठमोठे झाले आता. ही एक खोली. संध्याकाळी पोरं येतात, ती दुसरीकडे बसतील."

"तू कुठे बसून परीक्षेचा अभ्यास केलास रे, नरेन?"

"तेच आणणार तू मध्ये, मला माहीत होतं."

रमा हात पुसत बाहेर आली. ती भांडखोर नव्हती. इतकी वर्षं तिने नणंदेला उलट उत्तर दिलं नव्हतं, म्हणून आज तिचा आवाज चढला तेव्हा भीमाबाईचेही हात मेथीवर थांबले.

"ताई, तुमचा पगार एक तारखेला येतो. तुम्हाला विहार दिसतो. मला सकाळी पिठाचा डबा दिसतो. तुमचे भाऊ मागावर बसायचे, चार-चार माग एकटे सांभाळायचे. आता सब्जीमंडीत पोती उचलतात. पाठ दाखवतात का तुम्हाला? नाही दाखवणार. मी रोज शेकते. मंजिरीची बारावी झाली, ती भंवरकुआंच्या क्लासची चौकशी करायला गेलीय. काय सांगू तिला परत आल्यावर? की बाबांची जागा आहे, कोपऱ्यावरची आहे, पण तिच्यात पाच वाजता पोरं पाढे म्हणतात म्हणून तू घरी बस?"

धम्मदीनाने जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही रमाच्या समोर उभं राहण्याच्या लायकीचं नव्हतं. तत्त्व सांभाळायला पोट भरलेलं असावं लागतं, असं तिचा बाप म्हणायचा, आणि पुढे म्हणायचा, म्हणूनच उपाशी माणसाने सांभाळलेलं तत्त्व खरं. हे दुसरं वाक्य वहिनीला ऐकवायची तिची हिंमत नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. आपण सुट्टीच्या दिवशी येऊन दुसऱ्याच्या उपाशीपणावर विहार राखायला निघालो आहोत, हे तिला स्पष्ट दिसलं.

"आई, तू बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"माझी मेथी होऊ दे," भीमाबाई म्हणाली.

माठाची गोष्ट चाळीत सगळ्यांना ठाऊक होती. मिलमध्ये किसनच्या लोकांना रिंग खात्यात घेत, सूत कातायला. मागावर घेत नसत. पगार मागावर जास्त. पण कापड विणताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. किसनच्या ओठांना लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? कापड मात्र सगळे नेसत. पाण्याचंही तेच. सगळ्यांसाठी नळ होता, आणि यांच्यासाठी कोपऱ्यात कुणीतरी वरून ओतायचं.

दीक्षा घेऊन आल्यावर रिंग खात्यातल्या माणसांनी पहिलं काम हे केलं की जेवणाच्या सुट्टीत एकत्र उभं राहून त्रिसरण-पंचशील म्हटलं, मोठ्याने, आणि ओळीने जाऊन त्या नळाचं पाणी प्यालं. त्यांना कामावरून काढलं. तर बाकीचे गेटावर जाऊन बसले. बायका विहारात भाकऱ्या थापून तिथे पोचवत. सूत कातायला माणूस नाही म्हटल्यावर मागही थांबले, आणि माग थांबल्यावर मालकाला एकाएकी सगळी माणसं सारखी दिसायला लागली. नळ खुला झाला. माग खुला व्हायला आणखी बरीच वर्षं गेली, पण झाला, आणि किसन त्यावर बसला.

विहाराच्या दाराशी माठ तेव्हा आला. एक माठ, एक पेला. जो येईल त्याने पाणी प्यायचं आणि मग आत जायचं. "आपल्याला पाण्यावरून बाहेर ठेवलं," किसन म्हणायचा, "म्हणून आपल्या दारी पाणी देऊन आत घ्यायचं. इथे जात नाही विचारायची. पाणी विचारायचं." आत आधी बापे सही करायला शिकले, मग बायका. मग पोरांचा वर्ग सुरू झाला, तो फुकट होता आणि चांगला होता, त्यामुळे हळूहळू माळ्यांची पोरं आली, कोष्ट्यांची आली, मराठ्यांची आली. सुरुवातीला काही जण पेला तोंडाशी नेऊन पाणी खांद्यावरून मागे टाकत. किसन ते पाहून न पाहिल्यासारखं करी. "प्यायला लागतील," म्हणे. "गणित कठीण आहे, तहान लागते." धम्मदीना त्याच खोलीत शिकली, नरेंद्रही. त्याने नोकरीची परीक्षा दिली तेव्हा पेन विहाराने दिलं होतं.

"जयसिंगरावांना बोलावलंय," पंचशील हळूच म्हणाला. "साक्षीला. साहेब त्यांचं मानतील. ते तयार आहेत."

"काय सांगायला तयार आहेत?"

"की ही खोली आपण राहायलाच वापरतो. पहिल्यापासून."

जयसिंगराव आलेच तेवढ्यात, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत खुंटीला अजून एक तलवार टांगलेली होती, जिचा उपयोग आता पाल मारायलाही होत नसे. मिलमध्ये त्यांचा माग किसनच्या मागाला लागून. पहिले काही महिने त्यांनी आपला धोटा रुमालात बांधून घरी नेला, पुढे रुमाल विसरायला लागले, त्याच्याही पुढे दोघे एका विडीवर आले. किसनच्या शेवटच्या दुखण्यात रोज येऊन बसत, याच ओट्यावर, याच घरचा चहा पीत. विहारात मात्र पाऊल नाही. चौदा एप्रिलला बाहेर रस्त्यावर उभे राहून हात जोडत. भीमाबाई पेला पुढे करी. "आज उपास आहे, वहिनी," ते म्हणत. "उपासाला पाणी चालतं, भावजी." "निर्जळी आहे." वर्षानुवर्षं एप्रिलच्या उन्हात हा माणूस निर्जळी उपास करत आला होता.

"या, भावजी," भीमाबाई म्हणाली. "रमा, चहा टाक."

"चहा घेईन की," जयसिंगराव टेकत म्हणाले. "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी आहे ना. पंचशील माझ्यासमोर मोठा झाला. साहेबांना सांगतो, घरच आहे यांचं. खोटं बोलल्याने कुणाचं वाईट होत नसेल तर ते पाप नाही. क्यों भिया, नरेंद्र?"

"बिल्कुल, काका."

"कुणाचंच वाईट होत नाही?" धम्मदीना म्हणाली.

"बेटा, वाईट तर झालंय. मिल गेली. आता जे हाताला लागेल ते धरायचं. तुझा बाप माझा दोस्त होता. तो असता तर त्याने पोराला उपाशी ठेवलं असतं का?"

पंचशील उंबऱ्यावरची माती नखाने खरवडत होता. "मूर्ती उचलताना मी वंदना म्हटली," तो एकदम म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मनातल्या मनात. चोर म्हणेल तशी."

"दादा, आता इमोशनल नको ना होऊ," नरेंद्र म्हणाला.

चहा झाला. उन्हं अजून कडक होती. पाच वाजत आले आणि पोरं यायला लागली. वर्गाला आज सुट्टी आहे हे त्यांना सांगायचं या सगळ्या धावपळीत पंचशील विसरला होता. पहिल्या दोन मुली आल्या, दाराशी चपला काढल्या आणि थांबल्या. मागून आणखी तिघं आली, तीही थांबली. मग एक घोळकाच. दार उघडं होतं, आत सावली होती, अडवायला कुणी नव्हतं. पण एकही पोर आत जाईना. अनवाणी पायांनी तापल्या फरशीवर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचत, वह्या डोक्यावर धरून, सगळी ओळीत उभी. ओळ तिवईपासून सुरू होत होती.

ओट्यावरून ते सगळं दिसत होतं. आधी कुणाच्या लक्षात येईना की हे काय चाललंय. जयसिंगरावांना ओळीत आपली नात दिसली, निधी, आठवीतली.

"निधी! अगं उन्हात काय उभी? आत जा ना."

"कैसे जाऊँ, आजोबा? पानी नहीं है."

"नाही तर नाही. आत जाऊन बस."

"पानी पिए बिना अंदर नहीं जाते." ती ज्या आवाजात बोलली त्यात जराही धर्म नव्हता; रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे पाहतात, इतकंच ते साधं होतं. "यहाँ का रूल है."

जयसिंगराव काठीवर जरा पुढे झुकले. "तू पितेस? रोज?"

"हाँ तो. सब पीते हैं. आपको नहीं पता?"

त्यांना पत्ता नव्हता. किंवा असेल, पण कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. ते परत मागे टेकले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

धम्मदीनाला वाटलं आपण उठावं, पण उठलो तर तो विजय दिसेल, आणि तिला रमाला हरवायचं नव्हतं. पंचशीलने मान खाली घातली होती. नरेंद्र घड्याळ बघत होता. आणि मग आतून रमा आली, कमरेवर माठ घेऊन, कडेवरच्या पोरासारखा एका हाताने धरून. पाणी हिंदकळून तिची साडी भिजत होती. कुणाकडेही न पाहता ती ओट्यावरून उतरली, चालत गेली, माठ तिवईवर ठेवला, पेला ठेवला.

"पोरं भाजतायत उन्हात," ती परत येऊन म्हणाली. रागानेच म्हणाली. "मग ठरवा काय ते."

पोरं एकेक करून प्यायली, आत गेली. आत खाट पाहून थोडा गोंधळ झाला, मग त्यांनी खाटेवर, खाटेखाली, स्टोव्हच्या बाजूला बसून घेतलं. कुणीतरी पाढे सुरू केले. निधी मात्र पेला भरून ओट्यापाशी आली.

"लो आजोबा. गर्मी कितनी है."

जयसिंगरावांनी पेला हातात घेतला. घेतला खरा, आणि तसाच धरून बसले.

"आज चतुर्थी आहे, बेटा."

"चतुर्थी तो परसों थी."

नरेंद्र फिसकन हसला. भीमाबाई हसली नाही. तिने मेथीची ताटली बाजूला ठेवली.

"भावजी, माझ्या घरचा चहा तुम्ही कितीदा प्यालात. आत्ताही प्यालात. घरी तुम्हाला उपास नसतो. मग तुम्हीच सांगा, ती खोली घर आहे का?"

जयसिंगरावांनी पेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "तुम्ही कोर्टात हव्या होत्या, वहिनी," ते म्हणाले. मग पेला त्यांनी नातीच्या हातात परत दिला. "उद्या पितो. साहेबांसमोर पितो, तिथे दाराशी उभा राहून. म्हणजे त्यांनाही कळेल कसली खोली आहे ती."

"बघू," भीमाबाई म्हणाली.

ते टोपी घालून गेले. उद्या ते पाणी पितील की त्यांना उद्याही एखादा उपास आठवेल, हे त्या घडीला कुणीही पैजेवर सांगितलं नसतं. धम्मदीनाला वाटलं पितील. निधीने पेला तिवईवर नेऊन ठेवला तो ज्या सहजपणे, त्यावरून वाटलं.

"म्हणजे संपलं," रमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचीही तिला आता गरज वाटत नव्हती. "ठीक आहे. मीच नेला ना माठ. माझ्याच हाताने."

"रमा," भीमाबाई म्हणाली, "त्या बूथला जागा किती लागते?"

"मला काय माहीत? यांना विचारा."

"एक केबिन," पंचशील म्हणाला. "एक टेबल. खुर्ची."

"माझ्या खाटेएवढी?"

तिच्या बोलण्याचा रोख आधी रमाला कळला. "नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही, आई. खाट कुठे नेणार? आत आम्ही तिघं कसेबसे मावतो."

"ओटा रस्त्यावरून दिसतो. कोपरा नाही, पण फोन करायचा आहे तो माणूस चार पावलं चालेल. पत्रा आहे, काच लावा. माझी खाट काढा."

"आणि तुम्ही?"

"नरेन किती वर्षं म्हणतोय, राऊला चल. चलते."

नरेंद्र खरंच म्हणत होता. दर दिवाळीला म्हणायचा, दर वाढदिवसाला म्हणायचा, आणि भीमाबाई नाही म्हणायची. हे दोघांच्याही इतकं अंगवळणी पडलं होतं की विचारणं आणि नाकारणं मिळून एक नमस्कारच झाला होता. आता तो खुर्चीत सावरून बसला.

"हो आई, चल ना. कधीही. घर तुझंच आहे."

"तुझ्या दाराशी माठ ठेवीन."

"माठ? अगं, फिल्टर आहे घरात."

"फिल्टरचं भर माठात. दूधवाला येईल, शेजारीण येईल, तुझे ऑफिसवाले येतील. पाणी पिऊन आत. आणि बाबासाहेबांचा फोटो बैठकीत लागेल, समोर. चालेल तुला?"

धम्मदीनाने नरेंद्रचं घर पाहिलं होतं. हॉलमध्ये बुद्ध होता, प्लॅस्टरचा, मोठा, कारण बुद्ध शोभतो आणि पाहुणे त्याचं कौतुक करतात. बाबासाहेब बेडरूममध्ये कपाटाच्या आडोशाला होते. गेटवरच्या पाटीवर आडनाव नव्हतं.

"आई, तिथले लोक..." तो म्हणाला. "इथे सगळे आपले आहेत. तिथे मी एकटा आहे."

"म्हणून तर येते."

"तू समजत नाहीस."

"समजते. पाण्याची ती बाटली तू इथे घेऊन येतोस, पहिल्यांदा आणलीस तेव्हाच समजलं. पोट बिघडतं म्हणालास. जयसिंगरावांचा उपास आणि तुझं उकळलेलं पाणी. ते परके होते, नरेन, त्यांचा मला राग नाही आला."

नरेंद्रचा चेहरा उतरला. बाटली त्याने पायाने खुर्चीखाली सरकवली, मग परत उचलली. रमा सासूच्या खाटेपाशी खाली बसून राहिली होती. "बूथ नको मला," ती म्हणत होती, "खाट नाही काढायची," आणि पंचशील उठून आत गेला तो ट्रंक उघडायला. मूर्ती धोतरात गुंडाळलेली होती, बापाच्या.

राऊ मानपुराच्या वाटेवरच. नरेंद्रने बहिणीला स्कूटरवर मागे घेतलं, तिथून तिला बस मिळणार होती. भंवरकुआं मागे पडलं. क्लासेसच्या पाट्यांची गर्दी संपली, मोकळी शेतं आणि त्यांत नव्या कॉलन्यांच्या कमानी सुरू झाल्या. राऊच्या अलीकडे, निंबाखाली एका कुंभाराने माल मांडला होता, तिथे त्याने स्कूटर थांबवली. धम्मदीनाला वाटलं पंक्चर. तो गेला, दोन-तीन माठ बोटाने वाजवून पाहिले आणि त्यातला एक तिच्या मांडीवर आणून ठेवला.

"घट्ट धर," एवढंच म्हणाला.

घरी कुणी नव्हतं, बायको माहेरी गेली होती. माठ पोर्चमध्ये ठेवून तो त्याच्याकडे बघत उभा होता, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या बाई डोकावल्या. हातात पाण्याची नळी, झाडांना पाणी चाललं होतं.

"भाईसाहब, मटका? आपके यहाँ तो फ्रिज है ना?"

"माँ आ रही हैं हमारी. रहने."

"अरे वा. कहाँ से?"

"यहीं से. मिल की चाल से." तो घसा साफ करत म्हणाला. "दरवाज़े पर मटका रखती हैं वो. जो आए, पानी पीके अंदर आए. हमारे में ऐसा है."

"आपके में मतलब? आप लोग मराठी में कौन हुए?"

हा प्रश्न धम्मदीनाला स्टाफरूममध्ये ऐकून ऐकून पाठ झाला होता. नरेंद्रपाशी त्याची पुष्कळ उत्तरं होती हेही तिला माहीत होतं. महूवाले. सर्व्हिसवाले. हम तो बस इंदौरी हैं, भाभी. तिने भावाकडे पाहिलं नाही, माठाकडे पाहिलं.

"बौद्ध," नरेंद्र म्हणाला. आणि ते पुरेसं नाही असं वाटून, "बाबासाहब वाले."

"अच्छा," बाई म्हणाल्या. नळी एकाच झाडावर राहिली, आळं भरून पाणी वाहायला लागलं. "अच्छा, अच्छा. चलो, गैस पे दूध रखा है." आणि आत गेल्या.

नरेंद्र त्यांच्या बंद दाराकडे बघत राहिला.

"पाहिलंस, आक्का?"

"असेलही दूध," धम्मदीना म्हणाली. "संध्याकाळची वेळ आहे."

नरेंद्रने स्कूटरच्या डिकीतून बाटली काढली, तिच्यातलं उरलेलं पाणी माठात ओतलं. तळही नीट भिजला नाही. मग त्याने बागेचा पाइप आणला. नवा माठ दोन दिवस भरून ठेवावा लागतो, पहिलं पाणी फेकावं लागतं, हे त्याला आठवत होतं.

"बस जाईल तुझी," तो म्हणाला.

"दुसरी येते."

माठ काठोकाठ भरला. नरेंद्रने इकडेतिकडे पाहिलं, पोर्चची पायरी पाहिली, खिडकीखालची जागा पाहिली, आणि मग गेट उघडलं. भरलेला माठ एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि नावाच्या पाटीखाली, रस्त्यावर, नेऊन ठेवला.